नोकरीचा तंटा आणि वकिलाची पारख



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घरांत संस्कारासारखी जपली जाते. तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. खटल्यात पैसा जातो, वर्षे जातात आणि माणसे कायमची दुरावतात. परंतु ज्याच्या हातात काल सेवासमाप्तीचे पत्र पडले, त्याला ही म्हण उपयोगी पडत नाही. ती पायरी त्याने निवडलेली नसते. कोणत्या दाराची पायरी चढायची आणि कोणाच्या साह्याने चढायची, एवढीच निवड त्याच्या हाती उरते. ही निवड कशी करावी, हा आजचा विषय आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत या विषयाला स्वतःचे असे रूप आहे. नांदेडची उस्मानशाही गिरणी ही निजामी राजवटीतील औद्योगिक खूण होती. तिचा भोंगा केव्हाच थांबला. आज येथील पगारदार माणूस शाळा-महाविद्यालयांत, खासगी शिकवण्यांत, डाळमिलमध्ये, साखर कारखान्यात, पतसंस्थेत किंवा रुग्णालयात काम करतो. ‘लातूर पॅटर्न’ने तर शिक्षणक्षेत्रालाच मोठा रोजगार मिळवून दिला. त्यामुळे येथील नोकरीचा तंटा बहुधा दूरच्या अनोळखी कंपनीशी नसतो. तो ओळखीच्या संस्थाचालकाशी असतो. ज्यांच्या घरी लग्नकार्याला जाणे-येणे आहे, अशा माणसाशी तो असतो.

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. लातूर जिल्ह्यातील एका खासगी शाळेत चार वर्षे शिकवणाऱ्या शिक्षिकेला जून महिन्यात सेवासमाप्तीचे पत्र मिळते. घरची मंडळी आधी संस्थाचालकांकडे शब्द टाकतात, मग एखाद्या पुढाऱ्याकडे जातात. शेवटी नात्यातील वकीलसाहेबांना गाठतात. ते शेतजमिनीचे दावे उत्तम चालवतात. ‘पाहू, काढू मार्ग,’ असे ते आपुलकीने म्हणतात. अडीच महिने उलटल्यावर कळते की, १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियमाखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे होते आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची होती. सबळ कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो. पण मग मूळ अन्यायाआधी उशिराचाच खुलासा करीत बसावे लागते. येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. निवड मात्र चुकली.

नोकरीच्या कायद्यात प्रत्येक वर्गाच्या कर्मचाऱ्यासाठी वेगळे दार आहे आणि प्रत्येक दाराला वेगळी मुदत आहे. खासगी शाळेतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यासाठी शाळा न्यायाधिकरण आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे आणि तेथे सामान्यतः एका वर्षाची मर्यादा आहे. कारखान्यातील कामगारासाठी समेट अधिकारी आणि कामगार वा औद्योगिक न्यायालयाची वाट आहे. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या तक्रारीला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ९० दिवस दिले. साखर कारखान्यांना लागू झालेल्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने तर न्यायालयात जाण्यापूर्वी व्यवस्थापनाला रीतसर विनंतीपत्र देण्याची अट घातली. हे पत्र द्यायचे राहिले, तर खरी बाजूही तांत्रिक मुद्द्यावर अडते.

चुकीच्या दाराची किंमत किती असते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात घडले. तेथील एका शाळेतील शिक्षिकेची सेवा १९७५ साली संपविण्यात आली. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ साली निर्णय लागला : शिक्षक हा त्या कायद्यातील व्याख्येनुसार ‘कामगार’ ठरत नाही. तिला काढून टाकणे योग्य होते की अयोग्य, हा तिच्या दृष्टीने खरा प्रश्न होता. तेरा वर्षे गेली ती मात्र ती ‘कामगार’ आहे की नाही, हे ठरण्यात.

म्हणून चांगल्या वकिलाची पहिली खूण त्याच्या पहिल्या प्रश्नात दिसते. ‘तुमच्यावर फार अन्याय झाला’ या वाक्याने अशिलाला बरे वाटते. पण जाणता वकील आधी तारीख विचारतो. पत्र कधी मिळाले? नेमणुकीचा आदेश आहे का? पदासाठी जाहिरात निघाली होती का? शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता होती का? हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा उतारा कोठे आहे? कोऱ्या कागदावर सही दिली होती का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९७७ च्या कायद्यानुसार राजीनामा दोन प्रतींत, सही व तारखेसह लिहून त्यातील एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवायची असते. रुजू होताना घेतलेला सहीचा कागद पुढे ‘राजीनामा’ म्हणून निघाला, तर ही तरतूद ठाऊक असलेला वकीलच त्याला नेमके उत्तर देऊ शकतो.

दुसरी खूण म्हणजे अद्ययावत अभ्यास. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. या संहितेनुसार, विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर समेट अधिकाऱ्याला त्यावर कार्यवाही करता येत नाही. भारतीय मजदूर संघाने या चारांपैकी वेतन व सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे स्वागत केले आणि उरलेल्या दोहोंवर आक्षेप नोंदविले. अशा संक्रमणकाळात जुने कलम पाठ असणे पुरेसे नाही. ‘माझे प्रकरण जुन्या कायद्यात बसते की नव्या?’ असे सरळ विचारावे. जो वकील थोडा वेळ मागून, पुस्तक पाहून उत्तर देतो, तो तत्काळ छातीठोक उत्तर देणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा समजावा.

तिसरी खूण लेखनात असते. मराठवाड्यातूनच गेलेल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये मागील वेतनाविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. औरंगाबादच्या शाळा न्यायाधिकरणाने तिला दिलेले मागील वेतन उच्च न्यायालयाने नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. सेवासमाप्ती बेकायदा ठरली की मागील वेतनासह पुनर्नियुक्ती हा सर्वसाधारण नियम असल्याचे न्यायालयाने सांगितले. मात्र त्यासाठी ‘या काळात अन्यत्र लाभदायक नोकरी नव्हती’ असे कर्मचाऱ्याने प्रथम न्यायासनासमोरच नमूद केले पाहिजे. त्यानंतर ते खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर येते. अर्जातील एका वाक्यावर अनेक वर्षांचा पगार अवलंबून असतो, तो असा. म्हणून अर्ज दाखल होण्यापूर्वी तो मराठीत समजावून घ्यावा आणि आपली प्रत आपल्याजवळ ठेवावी.

चौथी खूण स्वातंत्र्याची. लहान शहरात एकच वकील संस्थेचा सल्लागार, तिच्या कार्यकारिणीचा सदस्य आणि अध्यक्षांचा नातलगही असू शकतो. प्रतिपक्षाशी असलेला असा संबंध वकिलाने अशिलाला स्पष्टपणे सांगावा, असा वकील परिषदेचा नियम आहे. हे विचारण्यात संकोच करू नये. ‘मिळालेल्या रकमेत तिसरा हिस्सा माझा,’ असा सौदा करणेही नियमबाह्य आहे. शुल्क किती, कोणत्या टप्प्यावर, औरंगाबाद खंडपीठात जावे लागले तर किती, हे आरंभीच लिहून घ्यावे आणि पावती मागावी. वकील बदलावा लागला तर थकलेल्या शुल्कासाठी अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. तेव्हा फलकावरून पारख करू नये. ज्यांची प्रकरणे त्याने चालवली, त्या दोन-तीन कुटुंबांना भेटावे. जिंकलेल्याला भेटावे, हरलेल्यालाही भेटावे. ‘हरलो, पण त्यांनी पहिल्याच दिवशी धोका सांगितला होता,’ असे जर हरलेला अशील म्हणाला, तर त्याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

ज्यांची ऐपत नाही त्यांनीही निराश होऊ नये. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार मोफत विधिसाहाय्यास पात्र आहेत. त्यासाठीचे जिल्हा प्राधिकरण नांदेडलाही आहे आणि लातूरलाही.

आणि काही ठिकाणी तर वकील चालतच नाही. समेटाच्या कार्यवाहीत वकिलाला पक्षकाराची बाजू मांडता येत नाही. तेथे नोंदणीकृत संघटनेचा पदाधिकारी कामगाराच्या बाजूला बसतो. दत्तोपंत ठेंगडी स्वतः कायद्याचे पदवीधर होते. त्यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ उभारला आणि १९९२ साली अधिवक्ता परिषदेच्या स्थापनेतही पुढाकार घेतला. श्रमिकाला संघटना हवी आणि कायद्याचा जाणकारही हवा, हे या दोन कामांतून दिसते. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थही संन्यास घेण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत काम करीत होते. ही परंपरा येथील कार्यकर्त्याला परकी नाही. प्रत्येक तालुक्यात एका कार्यकर्त्याजवळ मुदतींची यादी आणि या विषयाच्या दोन-तीन अभ्यासू वकिलांची नावे असली, तरी कित्येक घरे वाचतील.

एक अवघड प्रश्न उरतो. संस्था आपल्याच परिचिताची, कदाचित आपल्याच विचाराची असली तर? तेव्हा ‘घरातले भांडण चव्हाट्यावर कशाला’ असे सांगून तरुण शिक्षकाला गप्प बसविले जाते, आणि तीस दिवस तेवढ्यात निघून जातात. उद्योग हा परिवार आहे असे मानणाऱ्यांवर तर अधिक दायित्व येते. परिवारात थोरल्याने धाकट्याच्या ताटातले काढून घेतले, तर बाकीचे पाहत राहत नाहीत. आधी बोलणी जरूर करावीत, ज्येष्ठांनी मध्यस्थी करावी. परंतु मुदतीच्या आत अपील दाखल करूनच. अपील दाखल असले तरी समेट होऊ शकतो. मुदत गेल्यावर मात्र समोरच्याला समेटाची गरजच उरत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण ज्याला ती चढावीच लागते, त्याने पत्र हाती पडल्याची तारीख त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवावी, सर्व कागद एका पिशवीत घालावेत आणि त्याच आठवड्यात अशा वकिलाकडे जावे, जो आधी ती तारीख विचारील.