दरकपात आणि आपले कर्तव्य

(शिंपी समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी विद्वान नाही. १९८४ साली दोन शिलाईयंत्रांवर धंदा सुरू केला, आज बावीस यंत्रे चालवितो, एवढाच माझा अधिकार. परंतु गेल्या वर्षभरात ज्ञातीतील कित्येक तरुण एकाच धर्तीचे पत्र घेऊन माझ्याकडे आले, आणि त्या पत्राविषयी बोलणे हे माझे कर्तव्यच आहे असे वाटल्यावरून मी आपल्यापुढे उभा आहे.

पत्र एखाद्या मोठ्या कंपनीचे असते. भाषा अत्यंत गोड असते. आपल्याला ‘व्यवसायातील सहकारी’ असे संबोधिलेले असते. बाजारातील चढाओढीचा उल्लेख असतो, आणि शेवटी येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शिवणावळीत शेकडा दहा कपात केली आहे, असे कळविलेले असते. आपल्याला काही विचारलेले नसते. केवळ कळविलेले असते. मुंबई, उल्हासनगर वा सोलापूर येथे मजुरीने माल शिवून देणाऱ्यांस असा अनुभव नवा नाही.

शेकडा दहा ही कपात ऐकावयास लहान वाटते. ‘दहा पैसे गेले, नव्वद तर राहिले,’ असे आपण मनाचे समाधान करून घेतो. येथेच आपली पहिली चूक होते. उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. एका सदऱ्याची शिवणावळ ४० रुपये धरा. त्यांपैकी कारागिरांची मजुरी २६ रुपये, दोरा, सुया व वीज ४ रुपये, जागेचे भाडे व यंत्रांची झीज ३ रुपये, मालाची नेआण १ रुपया आणि नापसंत होऊन परत येणाऱ्या नगांपोटी १ रुपया. एकूण खर्च ३५ रुपये. हाती शिल्लक ५ रुपये. आता शेकडा दहा कपात म्हणजे ४ रुपये. दोरेवाला आपला दर उतरवीत नाही, वीज स्वस्त होत नाही, घरमालक भाडे सोडीत नाही. ते ४ रुपये संपूर्णपणे आपल्या पाचांतून जातात आणि हाती १ रुपया राहतो. म्हणजे पत्रात लिहिलेली कपात दहा टक्क्यांची असली, तरी आपल्या घरात येणारी कपात ऐंशी टक्क्यांची असते. पूर्वी शंभर नगांत जे मिळत होते, त्यासाठी आता पाचशे नग शिवावे लागतील. हा हिशेब ज्याने मांडला नाही, तो मान डोलावतो आणि वर्षअखेरीस कर्ज का वाढले याचे नवल करीत बसतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच होतो. परंतु आपण सारे घरचेच आहोत. २०१३ साली असेच पत्र मला आणि आपल्याच एका ज्ञातिबंधूंना एकाच दिवशी आले. त्यांनी हिशेब मांडला आणि ‘या दराने काम परवडत नाही’ असे स्वच्छ कळविले. आठ दिवसांनी कंपनीचे अधिकारी माझ्याकडे आले आणि त्यांच्या वाट्याचे गठ्ठेही मी घ्यावेत असे म्हणाले. यंत्रे रिकामी राहतील या भीतीने, आणि खरे सांगावयाचे तर थोड्या लोभानेही, मी ते घेतले. सहा महिन्यांनी दुसऱ्या कपातीचे पत्र आले. मी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा अधिकारी शांतपणे म्हणाले, “तुम्हीच तर हा दर परवडतो असे दाखवून दिलेत.” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

याहूनही वाईट गोष्ट पुढे आहे. ती तूट भरून काढण्यासाठी मी घरोघरी काजबटणाचे काम करणाऱ्या भगिनींचा दर उतरविला. मला निदान पत्र तरी आले होते. त्यांना मी दारात उभ्या उभ्या सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. गठ्ठा उचलून घेऊन गेल्या. वरची कपात खाली पोहोचवावयास मीच हात दिला, ही बोच आजही गेलेली नाही. ज्या बंधूंचे काम मी उचलले होते, त्यांच्या घरी दोन वर्षांनी जाऊन मी क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. फ्रान्समधील लिऑन शहरी रेशीम विणणारे कारागीर स्वतःच्या मागांचे मालक होते, परंतु सूत आणि दर दोन्ही व्यापाऱ्यांच्या हाती. १८३१ साली तेथील प्रशासकाच्या मध्यस्थीने किमान दरांचे पत्रक ठरले. पुष्कळ व्यापाऱ्यांनी ते पाळण्याचे नाकारले, नोव्हेंबरात मोठा उठाव झाला, रक्त सांडले आणि पुढे सरकारने ते पत्रकच रद्द केले. आपल्या देशात तामिळनाडूतील सोमनूर व पल्लडम भागात मजुरीने कापड विणून देणारे यंत्रमागधारक आहेत. शासनाच्या मध्यस्थीने ठरलेली मजुरीवाढ मिळेना, म्हणून २०२२ साली त्यांनी महिनाभराहून अधिक काळ माग बंद ठेवले. दोन्हीकडे दर ठरला होता. अडचण आली ती ठरलेला दर पाळण्याची.

काही तरुणांची सूचना आहे की संघाने सर्वांसाठी एकच दरपत्रक छापावे आणि त्याखाली कोणी काम करू नये असा ठराव करावा. त्यांची तळमळ मला समजते. परंतु तसे करता येणार नाही. कामगारांना संघटना करून मजुरीसाठी भांडता येते. आपण मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यावसायिक. एकाच धंद्यातील व्यावसायिकांनी आपसांत किंमत ठरविणे हे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने आक्षेपार्ह मानले आहे. बलाढ्य कंपनीने हजार लोकांना एकच दर कळविला तर तो व्यवहार, आणि त्या हजारांनी मिळून उत्तर दिले तर तो कट, ही विसंगती खरीच आहे. तथापि संघाला अडचणीत टाकणारा ठराव आपण करू नये.

मग आपल्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. पहिली गोष्ट म्हणजे, कामाचा दर लेखी घ्यावा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे झालेला करार एका पक्षाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. म्हणून जुन्या दराने अंगावर घेतलेला माल जुन्याच दराने पुरा होईल, असे त्या पत्राला लेखी उत्तर द्यावे. दुसरी गोष्ट उधारीची. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या अधिनियमाप्रमाणे नोंदणी केलेल्या उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. हा कायदा दर वाढवून देत नाही, हे खरे. परंतु ज्याचे पैसे वेळेवर येतात, त्याला वाईट दर नाकारण्याचे बळ येते. तिसरी गोष्ट, निम्म्याहून अधिक काम एकाच गिऱ्हाइकाचे असू देऊ नये. शाळांचे गणवेश, रुग्णालयांचे कपडे, गावातील दुकाने ही लहान कामे कंटाळवाणी खरी, पण पत्र आले त्या दिवशी तीच आपल्याला उभे ठेवतात. चौथी गोष्ट सहकाराची. पाच-सात जणांनी खरोखर एकत्र येऊन सहकारी संस्था काढावी, दोरा ठोक घ्यावा, काम संस्थेच्या नावे घ्यावे. त्यासाठी १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आहेच.

या साऱ्या गोष्टी कायद्याच्या आणि हिशेबाच्या झाल्या. एक गोष्ट मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, आणि ती प्रत्येकाने स्वतःपुरती ठरवावयाची आहे. ज्या दराने आपल्याला परवडत नाही, त्या दराचे काम दुसऱ्याने नाकारले म्हणून आपण उचलू नये. आणि आपल्यावर आलेली कपात आपल्या कारागिरांवर व काजबटणाच्या भगिनींवर ढकलू नये. यासाठी ठराव नको, वर्गणी नको. गठ्ठा दारात येईल तेव्हा वही उघडून हिशेब मांडण्याचे धैर्य तेवढे हवे. २०१३ साली ते माझ्यात नव्हते. आज येथे बसलेल्या तरुणांत ते असावे, एवढीच माझी इच्छा आहे.