जेधे मॅन्शनचे केशवराव

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं दाभाडी गाव राजकारणाच्या अभ्यासकांना ठाऊक असतं ते १९५०च्या 'दाभाडी प्रबंधा'मुळे. शेतकरी कामगार पक्षाने इथे मार्क्सवादाची वाट जाहीर केली. गंमत अशी, की या कष्टकऱ्यांच्या पक्षाचे एक संस्थापक केशवराव जेधे चांगल्या सधन घरातले होते.

जन्म १८९६चा. पुण्यात घरचा पितळी भांड्यांचा कारखाना आणि शुक्रवार पेठेत जेधे मॅन्शन. गादीवर बसून हिशेब बघितले असते तरी आयुष्य सुखात गेलं असतं. पण हाच वाडा ब्राह्मणेतर चळवळीचा अड्डा झाला. पुण्यात महात्मा फुल्यांचा पुतळा उभारावा म्हणून केशवराव भांडले. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या जहाल पुस्तकाचे ते प्रकाशक. त्यावरून खटला झाला, शिक्षाही झाली. अपिलात वकील उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सारे सुटले.

पुढे केशवराव काँग्रेसमध्ये गेले, बाहेर पडले, दाभाडीनंतर चार वर्षांनी परतले. याला कुणी धरसोड म्हणेल. मला मात्र त्यात बहुजन समाजासाठी चाललेली धडपड दिसते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात त्यांच्याच पुढाकाराने, मराठी भाषकांच्या राज्यासाठी लढणारी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १९५७मध्ये ते बारामतीतून लोकसभेवर गेले. नोव्हेंबर १९५९मध्ये त्यांचं निधन झालं. महाराष्ट्र राज्य आलं त्यानंतर सहाच महिन्यांनी.