लाईट गेली तरी दावा भरायचाच
(पाड्यावरच्या बैठकीतले भाषण)



थंडीत सहालाच अंधार पडतो. दिवसा आपण मजुरीला, म्हणून वनहक्काचे दावे रात्रीच लिहितो. अन् नेमकी तेव्हाच लाईट जाते. म्हाताऱ्यांचे जबाब तीनदा अर्धवट राहिले.

मग आम्ही वर्गणी काढली, 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी आणली. तिच्यात 84 वॅट-तास वीज मावते. अर्धीच वापरायची, नाहीतर बॅटरी लवकर मरते. तेवढ्यावरही 5 वॅटचा एलईडी दिवा आठ तास चालतो. लाईट आली की आधी बॅटरी चार्जिंगला लावायची. आणि ऊब पाहिजे म्हणून बंद झोपडीत निखारे ठेवू नका, झोपेतच जीव जातो.

पण बॅटरी ही तात्पुरती सोय. आपली लाईन खालच्या गावातून लांबून ओढलेली. नवी मागितली की ऐकवतात, "मध्ये जंगल आहे." 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 3(2) काय सांगते? गावाच्या विजेच्या लाईनीसाठी वनजमीन देता येते. अटी तीन: जमीन एक हेक्टरहून कमी, झाडतोड हेक्टरी 75 पर्यंत, आणि ग्रामसभेची शिफारस. शिफारस आपल्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत ठराव घेऊ, पोच घेऊनच परत येऊ.

जिंदाबाद!