तळ्यातील राजधानी आणि मूठभर विजेते



पाचशे स्पॅनिश शिपायांनी आझ्टेकांचे लाखो वस्तीचे साम्राज्य जिंकले, हे वाक्य आपण कोठे ना कोठे वाचलेले असते. तोफा पाहून भोळे लोक भ्याले, गोऱ्यांना देव समजले आणि राज्य गमावून बसले, असा त्याचा अर्थ आपल्या मनात ठसतो. हे कितपत खरे आहे, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम ते राज्य पाहू. आज जेथे मेक्सिको शहर आहे, तेथे पूर्वी विस्तीर्ण तळे होते. त्यातील बेटावर १३२५ च्या सुमारास मेशिका लोकांनी तेनोचतित्लान नगर वसविले. याच लोकांना आपण आझ्टेक म्हणतो. किनाऱ्यापर्यंत बांधलेल्या रस्त्यांवर काढता येण्याजोगे पूल होते. चापुल्तेपेकच्या झऱ्यांचे गोडे पाणी पाटाने शहरात येई. उथळ पाण्यात गाळाचे थर रचून केलेल्या चिनाम्पा नावाच्या शेतांतून वर्षाला अनेक पिके निघत. त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजारांवर माणसे जमतात, असे खुद्द स्पॅनिश सेनानी कोर्तेस याने आपल्या राजाला कळविले आहे. त्या बाजारातल्या 'तोमात्ल'चाच पुढे आपला टोमॅटो झाला. ओझे ओढणारे जनावर नाही, लोखंड नाही, तरीही हे वैभव! परंतु त्याची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. तेथे नरबळी दिले जात, आणि जिंकलेल्या प्रदेशांकडून जबर खंडणी उकळली जाई. हा असंतोष पुढे निर्णायक ठरला.

१५१९ च्या एप्रिलमध्ये कोर्तेस किनाऱ्यावर उतरला. त्याच्याजवळ सुमारे पाचशे शिपाई आणि सोळा घोडे होते. त्याहून मोलाची ठरली मालिंत्सिन ही दासी म्हणून त्याला दिलेली तरुणी. तिला माया आणि नाहुआत्ल या दोन्ही भाषा येत. तिच्यामुळे कोर्तेसला या देशातली भांडणे समजू लागली. मेशिकांचे जुने वैरी त्लाश्कालाचे लोक प्रथम त्याच्याशी लढले, मग त्याला मिळाले. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी त्याने राजधानीत प्रवेश केला. राजा मोक्तेसुमाने त्याचे स्वागत केले आणि थोड्याच दिवसांत तो त्याचा कैदी झाला.

पुढचा भाग नीट ध्यानात घ्यावा. १५२० च्या जूनअखेर शहर उठले, आणि स्पॅनिशांना रात्री पळ काढावा लागला. त्यांचे शेकडो लोक मारले गेले. तोफा आणि घोडे त्या रात्रीही त्यांच्याजवळ होतेच! त्यांना आसरा दिला तो त्लाश्कालाने. त्याच वर्षी देवीची साथ आली. हा रोग त्या भूमीने कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे कोणाच्याही अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती नव्हती. नवा राजा क्वित्लावाक याचा तिनेच बळी घेतला. १५२१ च्या मेमध्ये वेढा पडला, तेव्हा कोर्तेसच्या बाजूने लढणाऱ्यांत बहुसंख्य तेथलेच होते. पाणी तोडले गेले. तरीही भुकेने आणि रोगाने गांजलेले ते शहर सुमारे तीन महिने झुंजले. १३ ऑगस्टला राजा क्वाउतेमोक पकडला गेला.

मग देव समजल्याची गोष्ट? केत्सालकोआत्ल देवाचे नाव कोर्तेसच्या पत्रांत नाही. ही कथा पराभवानंतर अनेक वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांतून रुजली. साहागुन या ख्रिस्ती साधूने नाहुआत्ल भाषेत जमविलेल्या प्रचंड ग्रंथातही ती आहे. परंतु मेशिका योद्धे तोफांपुढे सरळ न धावता नागमोडी धावण्यास कसे शिकले, तेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. यांना भोळे कसे म्हणावे?

त्लाश्कालाच्या लोकांना फितूर म्हणणेही आम्हांला पटत नाही. 'आपण सारे अमेरिकन' ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्यांनी जुन्या शत्रूचा काटा काढला, पण नव्या मित्राचे माप त्यांना घेता आले नाही. मूठभरांच्या विजयाची कथा विजेत्यांनी सांगितली, कारण तिने त्यांचे शौर्य वाढते आणि मदत करणाऱ्यांचे देणे बुडते. म्हणून यापुढे 'मूठभरांनी राज्य जिंकले' असे वाचाल, तेव्हा त्या मुठीमागे कोणाचे हात होते, एवढे अवश्य विचारा.