धर्माचा रकाना आणि मतदारसंघाची सीमा
(परभणी जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबे भेटली म्हणजे एक प्रश्न हमखास निघतो. तो बहुधा घरातील वडील माणूस विचारतो, आणि आवाज खाली करून विचारतो. "कागदावर 'बौद्ध' लिहिले तर पोरांचा दाखला जाईल काय? निवडणुकीतील आपली राखीव जागा जाईल काय?" असे विचारणारास कोणी भित्रा म्हणू नये. ही भीती कोणाच्या मनाचा खेळ नाही. तिला इतिहास आहे, आणि तो इतिहास निवडणुकांचा आहे. आज तोच आपणापुढे मांडावा असे मी योजिले आहे.

प्रथम आपण कोठे उभे आहोत ते पाहू. आपण ज्या मतदारसंघातून लोकसभेचा सभासद निवडतो, त्या परभणी मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: आपल्या जिल्ह्यातील जिंतूर, परभणी, गंगाखेड व पाथरी, आणि जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी. या सहांपैकी एकही आज अनुसूचित जातींसाठी राखीव नाही, आणि खुद्द लोकसभेची जागाही खुलीच आहे. गंगाखेडची जागा पूर्वी राखीव असे. २००८ च्या पुनर्रचनेत ती खुली झाली. महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा जागांपैकी अमरावती, रामटेक, शिर्डी, सोलापूर व लातूर या पाच जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. मराठवाड्याच्या आठांत एकटे लातूर तेवढे येते. म्हणजे राखीव जागा जाईल काय, या प्रश्नाचे परभणीपुरते उत्तर असे की, जी होती ती गेलेली आहे, आणि ती आपण बौद्ध झाल्यामुळे गेलेली नाही.

मग राखीव जागा ठरतात तरी कशा? कोणा मंत्र्याच्या मर्जीने त्या ठरत नाहीत. जनगणनेत अनुसूचित जातींची जी संख्या निघते, तिच्या प्रमाणात राज्याला जागा मिळतात; आणि त्या राज्याच्या निरनिराळ्या भागांत, जेथे ही वस्ती तुलनेने दाट असेल तेथे, पुनर्रचना आयोग ठेवतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मतदारसंघाची सीमा मुंबई-दिल्लीच्या नकाशावर उमटते खरी, पण तिचा आरंभ तुमच्या उंबऱ्यावर, जनगणनेच्या कागदावर होतो.

आणि येथेच आपल्या समाजाने धर्मांतराची किंमत मोजली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी दीक्षा दिली; पाच वर्षांनी, १९६१ साली, महाराष्ट्रात २७ लाख ८९ हजारांवर लोकांनी आपला धर्म 'बौद्ध' असा सांगितला. कोणी बळजबरी केली नव्हती आणि त्यात फायदाही काही नव्हता. उलट तोटा होता, आणि तो पुष्कळांस ठाऊकही होता. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्म सोडणारा अनुसूचित जातीचा राहत नसे. शिखांचा अपवाद १९५६ साली झाला. बौद्धांचा झाला नाही. परिणाम काय झाला तो आकड्यांतच पाहा. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी ३३ जागा अनुसूचित जातींसाठी होत्या. १९६७ साली सभागृहाच्या जागा वाढून २७० झाल्या, आणि राखीव जागा मात्र १५ उरल्या. माणसे तीच, गावे तीच, गावाबाहेरची वस्तीही तीच. फक्त त्यांनी खरे सांगितले होते.

याच काळातील एक खटला प्रत्येक बौद्ध घरात माहीत असावा असे मला वाटते. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. ते बौद्ध झालेले आहेत, सबब राखीव जागेस ते अपात्र आहेत, असा अर्ज त्यांच्याविरुद्ध झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल १९६५ च्या निर्णयसंग्रहांत छापलेला आहे. न्यायालयाने असे ठरविले की, धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे. ज्याने आपण बौद्ध झालो असे चारचौघांत जाहीर केले तो हिंदू राहिला नाही, म्हणून राखीव जागेवर त्याचा हक्क नाही. कायद्याच्या अक्षरास धरून तो निर्णय झाला, हे मान्य केले पाहिजे. पण त्या कायद्याची रचना कशी होती पाहा. ज्याने दीक्षा घेऊन ती लपविली त्याची जागा शाबूत. ज्याने उघड सांगितले त्याची गेली. लपविण्यास बक्षीस देणारा असा कायदा तीन दशकांहून अधिक काळ आपल्या डोक्यावर होता. शिक्षणाच्या व नोकरीच्या काही सवलती यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत राज्य सरकारने नवबौद्धांस दिल्या, त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु विधानसभा-लोकसभेची राखीव जागा राज्य सरकारच्या हातची नव्हती.

हा अन्याय १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा करून दूर केला. तेव्हापासून अनुसूचित जातीतील माणूस बौद्ध झाला तरी तो अनुसूचित जातीचाच राहतो. वडीलधाऱ्यांच्या त्या हळू आवाजातील प्रश्नाला हे स्पष्ट उत्तर आहे, आणि ते मोठ्या आवाजात द्यावे: 'बौद्ध' लिहिल्याने दाखला जात नाही, नोकरी जात नाही, राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्कही जात नाही. या कायद्याचा परिणामही मोजता येतो. १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघांत महाराष्ट्रास विधानसभेच्या १८ व लोकसभेच्या ३ राखीव जागा होत्या. २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघांत त्या अनुक्रमे २९ व ५ झाल्या. वाढलेल्या जागा गंगाखेडला लाभल्या नाहीत, हे आपल्या वाट्याचे दुर्दैव म्हणा हवे तर.

पण ते खरोखरच दुर्दैव आहे काय? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाबासाहेबांचा अनुभव आठवा. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. पुणे कराराने जागा वाढल्या, पण प्रतिनिधी निवडण्याची अखेरची चावी संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे इतरांच्या बहुमताच्या, हाती गेली. पुढे काय झाले? १९५२ साली मुंबईत राखीव जागेवर घटनेच्या शिल्पकाराचा पराभव चौदा हजारांहून अधिक मतांनी झाला आणि काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तेच. राखीव जागा आपली, माणूसही आपल्यातला, पण त्याला निवडणारे मत दुसऱ्याचे; मग तो कोणाचा मिंधा होणार? म्हणूनच १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने या राखीव जागा बंद कराव्यात असा ठराव केला. आज हे सांगितले तर आपलेच तरुण चकित होतात.

याच्या उलट बाजूही आहे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब गायकवाड नाशकातून आणि बी. सी. कांबळे कोपरगावातून लोकसभेवर गेले. आपल्या शेजारच्या नांदेडच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनचे हरिहरराव सोनुले निवडून आले. आणि १९९८ साल तर विसरताच येणार नाही. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले, अमरावतीतून रा. सू. गवई आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे असे रिपब्लिकन पक्षाचे चार सभासद एकाच वेळी लोकसभेत बसले. चारही जागा तेव्हा खुल्या होत्या! काँग्रेसशी समझोता होता हे खरे. पण समझोता करण्यासही आधी आपली मते एका मुठीत असावी लागतात. ती मूठ पुढे टिकली नाही. का टिकली नाही हे सांगू लागलो तर रात्र पुरणार नाही, आणि काही मंडळी रुसतील.

आता परभणीचे पाहा. या जागेवर १९५२ साली शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले होते. १९७७ साली त्याच पक्षाचे शेषराव देशमुख आले. म्हणजे प्रस्थापिताविरुद्ध मत टाकण्याची या मातीस सवय नाही असे नाही. २०१९ साली शिवसेनेचे संजय जाधव ४२,१९९ मतांनी विजयी झाले, आणि वंचित बहुजन आघाडीचे आलमगीर खान यांना सुमारे दीड लाख मते पडली. २६ एप्रिल २०२४ च्या मतदानात त्याच आघाडीच्या उमेदवारास लाखाच्या आत मते मिळाली आणि संजय जाधव १ लाख ३४ हजारांवर मतांनी पुन्हा आले. पहिल्या वेळी 'तुम्ही मते फोडली' असा ठपका आपल्यावर आला. मत हे कोणाची वतनदारी नव्हे, ते ज्याचे त्याला देता येते, हे त्यास उत्तर आहे. पण मत देऊन आपण काय मिळविले हा प्रश्नही आपणच आपणांस विचारला पाहिजे, तो दुसऱ्याने विचारण्याची वाट पाहू नये. दीड लाखांचे लाखाच्या आत का आले? जी माणसे दुसरीकडे गेली ती काय विचाराने गेली? १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, पाठोपाठ धरपकड झाली, आणि न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या दिवसांत कोणत्या प्रतिनिधीचे दार आपल्यासाठी उघडे होते, याची आठवण पुढल्या मतदानापर्यंत घरोघर टिकली पाहिजे.

सीमेचा प्रश्न आपल्याच वाट्याला आला आहे असे समजू नका. बाबासाहेब ज्या अमेरिकेत शिकले, तेथील अलाबामा राज्यातून प्रतिनिधिगृहावर सात सभासद जातात. तेथे चौथा हिस्सा लोकसंख्या कृष्णवर्णीयांची. परंतु सीमा अशा आखल्या होत्या की, सातांपैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत व्हावे, आणि बाकीची मते इतर सहांत पांगून जावीत. तेथे आपल्यासारखा स्वतंत्र आयोग नाही. बहुतेक राज्यांत विधिमंडळातील बहुमतवालेच सीमा आखतात. तेथील नागरिक न्यायालयात गेले. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि २०२४ च्या निवडणुकीत नव्याने आखलेल्या दुसऱ्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार विजयी झाले. १९४६ साली बाबासाहेबांनी नीग्रो समाजाचे विद्वान पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते, ते काही उगाच नव्हे.

आपली पुढील पुनर्रचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर व्हावी अशी तरतूद ८४ व्या घटनादुरुस्तीने केली, आणि जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा सरकारने जाहीर केला. म्हणून आता व्यवहाराच्या दोन गोष्टी.

पहिली मतदारयादीची. आपल्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लोकसभेचे मतदान उन्हाळ्यात येते, तेव्हा माणसे परतलेली असतात. विधानसभेचे २०२४ साली २० नोव्हेंबरला आले, तेव्हा कित्येक बिऱ्हाडे फडावर होती. जाण्यापूर्वी मुकादमाशी उचलीचा व्यवहार ठरतो, तसाच मतदानाच्या दिवशी गावी येण्याचाही ठरवून घ्यावा. सासरी आलेल्या सुनांची नावे माहेरच्याच यादीत पडून राहतात, तीही हलवून घ्यावीत. अर्ज क्रमांक ६ नव्या नावासाठी, ८ स्थलांतरासाठी. आणि कोणास उभे राहावयाचे असेल तर हेही ध्यानी असावे की, खुल्या जागेवरही अनुसूचित जातीच्या उमेदवारास लोकसभेची अनामत २५,००० ऐवजी १२,५०० रुपयेच भरावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपण जात सोडली. बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. मग जनगणनेच्या जातीच्या रकान्यात जुन्या जातीचे नाव का सांगावे? काही ज्येष्ठ धम्मबांधव ते सांगत नाहीत. दोन्ही ठिकाणी 'बौद्ध' एवढेच सांगतात. त्यांच्या निष्ठेपुढे मी नम्र आहे. परंतु त्याचा परिणाम सांगणे माझे कर्तव्य आहे: अनुसूचित जातींच्या यादीतील नाव नोंदले गेले नाही, तर तो माणूस त्या जातींच्या संख्येत धरला जात नाही, आणि १९६७ साली जे झाले तेच थोड्या प्रमाणात आपल्या हाताने पुन्हा होते. माझे मत असे की, ते नाव आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची सरकारदरबारची नोंद आहे; नुकसानभरपाईचा दावा चालू असेतो दाव्याचा कागद कोणी फाडीत नाही. घरात, विहारात, लग्नपत्रिकेवर ते नाव नको. गणकासमोर मात्र धर्म 'बौद्ध' आणि जात यादीतील, असे दोन्ही सांगावे.

आणि गणक घाईत असतो. जात ऐकली की धर्म न विचारताच तो 'हिंदू' अशी नोंद करून मोकळा होण्याचा संभव आहे. आता या नोंदी मोबाइलवर व्हावयाच्या आहेत. घरातील शिकलेल्या मुलीला त्याच्याजवळ बसवावे, आणि त्याने काय नोंदले ते तो उठण्यापूर्वी तिला मोठ्याने वाचावयास सांगावे.