मिठाच्या वाटेने, सावकाश
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आल्प्स पर्वत म्हटला की डोळ्यांसमोर बर्फ, दोर आणि तरणीताठी मुलं येतात. आम्ही चौघं, म्हणजे दोन जोडपी, सगळी साठी ओलांडलेली. आमचे गुडघे आमच्या आधी बोलायला लागतात. तरीही ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावाभोवती आम्ही पाच दिवस मनसोक्त चाललो. तिथल्या तीन सोप्या वाटा आज सांगणार आहोत. तिन्ही वाटांवर तिथल्या मिठाच्या खाणीची सोबत आहे, आणि तिची गोष्ट चालता चालता आपल्या बडोद्यापर्यंत येऊन पोचते.

आधी गाव. समोर सरोवर, पाठीशी सरळ उभा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एकावर एक रचल्यासारखी घरं. १८९० पर्यंत या गावाला गाडीरस्ताच नव्हता. येणंजाणं बोटीने, नाहीतर पायवाटेने. आजही आगगाडीचं स्टेशन पलीकडच्या काठावर आहे. तिथे उतरायचं आणि बोटीने गावात यायचं. १९९७ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. दुपारी फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते, म्हणून चालायला सकाळी लवकर निघावं.

पहिली वाट खाणीची. गावातून डोंगरावर फ्युनिक्युलर जाते. ही आपल्या पावागडच्या रोपवेसारखी अधांतरी नाही. रुळांवरून तारदोराने ओढली जाते. ती तुम्हाला सरोवरापासून सुमारे साडेतीनशे मीटर वर सोडते. तिथे रुडोल्फ बुरूज आहे. खाणीच्या रक्षणासाठी तो १२८४ साली बांधला. पुढे खाणीच्या तोंडापर्यंत उंचावरच्या दरीतून रुंद, सोपा रस्ता आहे. वीसेक मिनिटं पुरतात. आम्हाला दीड तास लागला, कारण पावलागणिक थांबावं लागतं.

ही दरी म्हणजे प्राचीन स्मशानभूमी. योहान गेओर्ग रामसाउअर या खाण-अधिकाऱ्याने १८४६ ते १८६३ या काळात इथे जवळजवळ हजार थडगी उकरली आणि प्रत्येकाची चित्रांसह नोंद ठेवली. त्यांतून इतकं सापडलं की मध्य युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या पर्वाला या गावाचंच नाव मिळालं.

मीठ लोणचं टिकवतं तसंच इथे सगळं टिकवतं. खाणीत लाकडी जिना सापडला. त्याची लाकडं इसवी सनापूर्वी १३४४-४३ च्या सुमारास तोडलेली, म्हणजे जिना तीन हजारांहून अधिक वर्षांचा. कातडी पाठपिशव्या, विणलेल्या कापडाचे तुकडे, जळक्या चुडी, सगळं जसंच्या तसं. खाणकामगारांच्या वाळलेल्या विष्ठेवरून ते सातू, बाजरीच्या जातीचं धान्य आणि घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे खात, हेही कळलं. आमच्यातल्या एका गृहिणीचा शेरा असा, की तीन हजार वर्षांपूर्वीही डब्यात खिचडीच!

१७३४ साली या खाणीत एका प्राचीन खाणकामगाराचं प्रेत मिठात दाबलेलं सापडलं. कपडे, अवजारं अंगासरशी. गावकऱ्यांनी त्याला पुरून टाकलं. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुडघे धड असतील तर परत खाली चालत यावं. नागमोडी वाट आहे, तासाभराची. पूर्वी गावातल्या बायका पाठीवर मिठाचे खडे घेऊन डोंगर उतरत. आपण रिकाम्या हाताने उतरताना त्यांची आठवण होते.

दुसरी वाट खाऱ्या पाण्याच्या नळाची. डोंगरात पाणी सोडून मीठ विरघळवायचं आणि ते खारं पाणी आटवून मीठ काढायचं, ही इथली रीत. आटवायला लाकूड हवं, आणि जवळचं रान संपत आलं. लाकूड डोंगरात आणण्यापेक्षा खारं पाणीच लाकडाकडे न्यावं, असं ठरलं. १५९५ ते १६०७ या काळात सुमारे तेरा हजार झाडांचे बुंधे पोखरून, एकाला एक जोडून, एबेनझेपर्यंत चाळीस किलोमीटरचा नळ टाकला. पाणी आपोआप वाहावं म्हणून उतार अगदी मंद ठेवला. त्याच्या देखरेखीसाठी जी पायवाट झाली, तीच आज आपल्या चालण्याची. सरोवराच्या वरून, झाडीतून जवळजवळ सपाट. मधे गोसाऊ ओढ्यावरचा नळाचा उंच पूल लागतो. श्टेगपर्यंत निवांत तीन तास धरावेत. दरड पडल्यास एखादा टप्पा बंद असतो, म्हणून निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी. लाकडी नळ गेले, नवे आले. पण या डोंगराचं खारं पाणी आजही नळानेच एबेनझेला जातं.

तिसरी वाट पूर्व काठाची, ओबरट्राउन ते श्टेग. सरोवराला खेटून, रेल्वेच्या खालून. जिथे कडा पाण्यात उतरतो तिथे खडकाला लोखंडी पूल टांगलेले आहेत. चढ नावाला. खाणीचा अख्खा डोंगर समोर दिसतो.

आता ते साल. या खोऱ्यातले पुष्कळ खाणकामगार लाकूडतोडे गुपचूप प्रोटेस्टंट पंथ पाळत. सम्राट सहावा चार्ल्स कॅथलिक. प्रजा परक्या राजाकडे जाऊ नये आणि आपल्या खोऱ्यातही राहू नये, म्हणून १७३४ पासून शेकडो माणसांना डॅन्यूब नदीतून साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या रुमानियातल्या सिबिउजवळ नेऊन वसवलं. त्यांना लांडलर म्हणतात. शेजारी जर्मन बोलणारेच, पण त्यांची बोली निराळी. लांडलरांनी आपली डोंगरातली बोली आणि पोशाख अडीचशे वर्षं सांभाळला.

आणि त्याच १७३४ साली बडोदे कायमचं गायकवाडांच्या हाती आलं. त्यांच्यामागून आपले पूर्वज आले. आपल्याला कोणी हाकललं नाही, आपण मानाने आलो. हा फरक मोठा आहे. पण घराबाहेर एक भाषा आणि घरात दुसरी, हा संसार त्यांचा आणि आपला सारख्याच वयाचा.

लांडलरांचं पुढे काय झालं? १९९० नंतर बहुतेक घरं काही वर्षांत जर्मनीला निघून गेली. तिथे सुबत्ता मिळाली, पण गल्ली विखुरली. बोली मुळापासून दूर गेल्याने मेली नव्हती. शेजार उठला तेव्हा ती एकटी पडली. नळाच्या वाटेवर बसून आम्ही चौघं हेच बोलत होतो. दांडिया बाजारातले आणि रावपुऱ्यातले वाडे पडले, मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. नातवंडं व्हिडिओवर ‘आजी, केम छो’ म्हणतात. गुजराती आपलीच आहे, तिचं दुःख नाही. पण मराठीला शेजार कुठे उरला?

आमचं उत्तर साधं आहे. लाकडाचा नळ कुजला तेव्हा त्या लोकांनी तो काचेच्या कपाटात ठेवून पाणी बंद केलं नाही. दुसरा नळ बसवला. वाडा गेला तर हा मांडव आहे. वर्षातले हे दहा दिवस आणि मधला एखादा रविवार मुलांना इथे आणा. त्यांची मराठी मोडकी असली तरी हसू नका, बोलू द्या.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: मे अखेर ते सप्टेंबर उत्तम, पकड असलेले बूट, एक छत्री आणि हातात काठी. पिवळ्या पाट्यांवर अंतर तासांत लिहिलेलं असतं. आपल्या वयाने त्यात निम्मी भर घालावी. कोणाला जायचं असेल तर नकाशे आमच्याकडे आहेत, प्रसादानंतर भेटा.

गणपती बाप्पा मोरया!