सरांची शिट्टी
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



घाणेवाडी तलावाजवळचा आपला स्काऊटचा कॅम्प आठवतो ना? कोरड्या ओढ्याच्या वाळूत सतरंज्या टाकून आपण झोपलो होतो. झोपण्याआधी सरांची शिट्टी आणि मोजणी! तेव्हा आपण मागे बसून हसायचो.

पुढे नोकरीसाठी मुंबईला गेलो आणि डोंगरांचं वेड लागलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी, पनवेलजवळचं कर्नाळा, कर्जतकडून राजमाची. लोकल पकडायची आणि निघायचं.

एका जूनमध्ये ऑफिसातल्या पोरांना घेऊन कोंढाणे लेण्यांच्या बाजूला मुक्कामी गेलो. सकाळी राजमाची चढायचा बेत होता. जागा मीच निवडली. ओढ्यातली मऊ, कोरडी वाळू! जालन्याची सवय, दुसरं काय? सरपण घेऊन जाणारी एक आजी थांबून म्हणाली, "पोरांनो, इथं नका निजू. पाऊस वर पडतो, पाणी खाली येतं." आभाळ मोकळं होतं. पोरं कुरकुरली, मलाही कमीपणा वाटला. पण तंबू उंचावर हलवले.

रात्री घाटमाथ्यावर पाऊस कोसळला. आमच्याकडे थेंब नव्हता, तरी ओढा गर्जत आला. टॉर्च मारला, तर आमची जागा पाण्याखाली. तेव्हा सरांची शिट्टी आठवली. मोजलं, तर चौदाऐवजी तेराच! एक जण राहिलेले बूट आणायला खाली गेला होता. हाका मारत शोधला, काठावरच सापडला. ती पाच मिनिटं मी विसरू शकत नाही.

आपल्याकडे वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. माथेरान-खंडाळ्याला त्याच्या कितीतरी पट. तिथला कातळ पाणी जिरवत नाही, ते थेट ओढ्याला येतं. आपल्या ओढ्याची सवय तिथे चालत नाही.

आता आपली मुलं-मुली मुंबई-पुण्याला आहेत, सुट्टीला तंबू घेऊन निघतात. त्यांना अडवू नका. एवढंच सांगा: ओढ्यात तंबू ठोकू नका, गावातल्या माणसाला आधी विचारा, आणि झोपण्याआधी माणसं मोजा.

सर, आज आपण समोर बसला आहात. त्या रात्री मोजणी मी केली, पण शिकवली तुम्ही होती. तेव्हा हसलो, त्याची आज सर्वांसमक्ष माफी मागतो.